टाकीचा वॉल घेऊन घाटनांदूरला

"म्हातारबा, गॅसची टाकी एसटीत चालत नसती. उतरवा खाली."

बीडच्या स्टँडवर कंडक्टर असं म्हणाला आणि सगळी गाडी माझ्याकडं बघायला लागली. मी म्हणालो, "गॅसची न्हाई, हवेची हाय. अन् आत हवा बी न्हाई. रिकामी हाय."

"रिकामी हाय तर नेता कावून?"

ह्याला उत्तर लांबलचक होतं आणि गाडी सुटायची वेळ झालती. मी टाकीला गुंडाळलेली गोधडी सोडली, टाकीच्या तोंडातला चिंधीचा बोळा काढला आणि टाकी त्याच्यापुढं धरली. त्यानं एक डोळा लावून आत बघितलं. मग तोंड लावून "ओ" म्हणाला. आतून तसाच "ओ" आला. मागच्या सीटवरची एक बाई पदराआड हसली. कंडक्टर म्हणाला, "बसा. डायवरच्या मागं ठिवा. अन् पुन्यांदा बोळा घाला, न्हाईतर आतून कुणीतरी तिकीट मागंल."

ज्यांच्या गावाला तळं आहे, धरण आहे, आणि ज्यांच्या गावात अशी टाकी कुणीतरी देऊन गेलंय, त्यांच्यासाठी हे लिहितो. बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही.

पाली

मी पालीचा. चौथी शिकलेला. थोडी शेती, दोन म्हशी आणि कौसल्या, एवढा माझा संसार. आता कौसल्या नाही.

आमचं गाव बिंदुसरा धरणाच्या काठाला. पोहायला येणारे बुडतात, मासे धरणारे बुडतात. गावातले चार-दोन गडी बुड्या मारून माणूस काढतात, त्यात माझा भाचा रामा पहिला. बहिणीचा मुलगा, चाळिशीचा, दोन लेकरांचा बाप. विहिरीत पडलेल्या मोटारी काढणं हा त्याचा धंदाच. काही वर्षांमागं एका पुढाऱ्यानं गावाला ही टाकी दिली. पाठीवर बांधायची, नळी तोंडात धरायची आणि पाण्याखाली श्वास घेत फिरायचं. हार घातले, फोटो काढले. टाकी सांभाळायची कशी हे सांगायला कुणी आलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

पुढं टाकीच्या गळ्यातून हवा फुसफुसायला लागली. टाकीच्या तोंडावर पितळी तोटी असते, तिला आम्ही वॉल म्हणतो. गावातल्या नळफिटिंगवाल्यानं वॉल खोलला. त्याच्या गळ्यात एक काळी रबरी रिंग होती, चिरलेली. ती त्यानं फेकून दिली आणि आपण शेतातल्या पाईपाला करतो तसं आट्यांवर सुतळी गुंडाळली, सफेदा फासला आणि मोठा पाना घालून आवळलं. कुणाला त्यात वावगं दिसलं नाही. आमच्याकडं पाईप असाच बसवतात. वॉलची मूठ जड फिरायची, म्हणून तिच्यात करडीचं तेल सोडलं.

मागच्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर बाया दसरा काढायला लागल्या. आमच्याकडं त्याला तसंच म्हणतात. घट बसायच्या आत घरातलं सगळं पांघरूण-अंथरूण धुवून काढायचं. घरच्या मोरीत गोधड्या धुणं होत नाही, म्हणून बाया धरणावर जातात. भिजलेली गोधडी किती जड होते ते धुणाऱ्या बाईलाच माहीत. कौसल्या खळबळायला दगडावरून वाकली आणि गोधडीसंगं आत गेली. त्या बाजूला पाणी एकदम खोल आहे.

रामा टाकी बांधून उतरला. उतरतानाच गळ्यातून हवा सुटत होती, काठावर आम्हाला ऐकू येत होती. तळ लागायच्या आत हवा संपली. तो वर आला तो रिकाम्या हातानं. टाकी भरून आणायला संभाजीनगरच्या कारखान्यात माणूस पाठवला. तिथल्या लोकांनी टाकीचं तोंड बघून भरायला नकार दिला. गळ टाकले, दोर ओढले. तिसऱ्या दिवशी कौसल्या आपली आपण वर आली.

ते तीन दिवस मी काठावर बसून होतो. दुसरं काही केलं नाही. पाण्यावर कुठं बुडबुडा येतो का, ते बघत होतो.

टाकीनं माणूस जिवंत निघत नाही, हे मला कळतं. पण तसं कुणी बसू नये. यंदा पोळा झाला. महिन्याभरात बाया परत गोधड्या घेऊन त्याच दगडावर जाणार. म्हणून म्हणालो, त्याच्या आत ही टाकी धड करायची. रामा मोटारी काढायला लोकांकडं गुंतलेला. मला म्हशींशिवाय काही नव्हतं. म्हशी बहिणीकडं सोडल्या, टाकी कौसल्यानं शिवलेल्या गोधडीत गुंडाळली, खोललेला वॉल पिशवीत टाकला आणि निघालो.

नांदूरघाट

आधी बीडला गेलतो. वेल्डिंगच्या टाक्या देणारं एक दुकान आहे. तिथल्या माणसानं वॉल उलटापालटा केला आणि म्हणाला, "बाबा, ही आमच्या लायनीची चीज न्हाई. कुणी चांगला लेथवाला बघा." लेथवाला म्हणताच मला विष्णू मिस्त्री आठवला. म्हणून मी त्या कंडक्टरच्या गाडीत बसलो. गाडी परत पालीवरूनच जाते. खिडकीतून धरण दिसायची वेळ झाली तेव्हा मी टाकीकडं बघत बसलो.

मांजरसुंब्याचा घाट चढला की डोंगराला सीताफळीची झुडपं लागतात. फळं अजून बारकी, हिरवी होती. खाली सोयाबीन गुडघ्याच्या वर. पुढं फाट्यावर उतरलो आणि जीपनं नांदूरघाटला पोचलो. जीपवाल्यानं टाकी टपावर टाकू का म्हणून विचारलं. मी नको म्हणालो, मांडीवर घेतली.

नांदूरघाट कौसल्याचं माहेर. ती गेल्यावर मी पहिल्यांदाच तिथं गेलो. विष्णू मिस्त्री तिचा चुलतभाऊ. पन्नाशीचा, पोट सुटलेला, बोलण्यात चटपटीत. दुकानात लेथ चालू होता. मला बघून त्यानं मशीन बंद केलं आणि आधी पाया पडला.

"दाजी, एकलेच आलाव?" असं त्याच्या तोंडून निघालं आणि मग त्यालाच कळलं. खाली बघून म्हणाला, "बसा. पाणी घ्या."

आमच्या पालीत पाहुण्याला आधी चहा विचारतात. नांदूरघाटला आधी गुळाचा खडा आणि पाणी. कौसल्या आमच्याकडं येऊन एवढी वर्षं झाली तरी गूळच द्यायची. माझी आई म्हणायची, चहाची बचत करती सून.

विष्णूनं टाकी बघितली, आतले आटे बोटानं चाचपले. मी सगळं सांगितलं. तो उठला आणि मागच्या भंगारात हुडकत बसला. लई वेळानं एक वॉल घेऊन आला. दिसायला आमच्यासारखाच, पण चकचकीत, मूठ एका बोटानं फिरायची.

"कुठला हाय बे हा?"

"भंगारातला, दाजी. पण माल बघा. तुमचा जुना द्या फेकून."

त्यानं तो टाकीला लावून फिरवला. तीन-चार आटे सुरेख गेला, मग जरा हलायला लागला. विष्णू म्हणाला, "एवढं तर चालतंच. टेप लावतो, मग बघा." पांढरी टेप गुंडाळून गुंडाळून जाड केली, वॉल परत बसवला आणि पाना घालून आवळला. मी धरून हलवला. हलला नाही. माझा जीव भांड्यात पडला.

"अक्कासाठी केलंय," तो म्हणाला. "तुमी काय बी द्यायचं न्हाई. नुसतं जेवून जा."

त्याच्या घरी शेंगोळे होते. हुलग्याचे, लसूण भरपूर, आणि इतके घट्ट की पळी उभी राहील. पालीत आम्ही पातळ करतो आणि भाकरी कुस्करून खातो. कौसल्या पालीत राहून नांदूरघाटचेच करायची आणि मी दर वेळी म्हणायचो, जरा पाणी घाल की. त्या दिवशी मी दोनदा मागून घेतले. विष्णूची बायको आत जाऊन रडली, मला ऐकू आलं.

सकाळी मी पालीला परतणारच होतो. टाकी बांधून झालती. विष्णूच म्हणाला, "दाजी, एक करता का? घाटनांदूरला एक धनगर हाय, भिवा. मुंबईच्या गोदीत जहाजाखाली, पाण्यात काम करायचा. ह्या टाक्यात त्याची जिंदगी गेली. आता शेळ्या वळतो. तापट हाय, पण त्याला एकदा दाखवून घ्या. बारीक-सारीक काय असंल तर सांगंल."

मला वाटलं, काम तर झालंय. पण महिना हातात होता. आणि खरं सांगायचं तर घरी जायची घाई नव्हती.

घाटनांदूर

केजवरून अंबाजोगाई, तिथं गाडी बदलून घाटनांदूर. अंबाजोगाईच्या स्टँडवर एकानं विचारलं, "काका, दवाखान्याची हाय का टाकी? पेशंट कोण हाय?" मी म्हणालो, "पेशंट गेला." तो माणूस उठला, माझ्यासाठी चहा घेऊन आला आणि काही न विचारता शेजारी बसून राहिला. अंबाजोगाईबद्दल मला एवढंच सांगता येईल.

घाटनांदूर मोठं गाव. रेल्वे आहे. बाजारपेठ आहे. आमच्याकडं माळ मुरमाड, इथं काळं रान, ऊस बराच. भिवाचं शेत रुळांच्या पलीकडं होतं. लिंबाखाली शेळ्या, एक दगडी खोली, पुढं मोकळं अंगण. तो काठी घेऊन उभा होता. माझ्याच वयाचा, पण ताठ. मी राम राम घातला. त्यानं मान वळवून दुसरा कान पुढं केला.

"ह्या कानात बोला. तो कान समुद्रानं नेला."

मी गोधडी सोडून टाकी पुढं ठेवली. त्यानं वॉलकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग परत वॉलकडं.

"कुणी बसवला?"

"माझा मेव्हणा हाय. लेथवाला."

"त्यात हवा भरली का?"

"न्हाई. भरायची हाय."

भिवानं काठी खाली टाकली. "देव पावला म्हणायचं," असं म्हणत त्यानं पाना आणला आणि वॉल उलटा फिरवायला लागला. टेपेच्या चिंध्या निघाल्या. वॉल हातात आला तसा त्यानं टेप सोलून काढली, मग परत नुसताच टाकीत फिरवला. तीन-चार आट्यांवर तो लटलट हलायला लागला.

"बघितलं? ह्याचं माप येगळं, टाकीचं माप येगळं. थोडं जातं अन् वाटतं बसला. टेपेनं मधली फट बुजली, एवढंच. ट्रकच्या चाकात जेवढा हवेचा दाब असतो त्याच्या कितीतरी पट दाबानं हवा ह्या टाकीत ठासतात. ही तोटी तोफंच्या गोळ्यावानी उडती. भरणाऱ्याच्या तोंडावर, न्हाईतर तुमच्या भाच्याच्या मानंवर. पाठीवरच असती की ती."

विष्णूचा चेहरा डोळ्यापुढं आला, पाना दोन हातांनी ओढताना लाल झालेला.

"जुना कुठंय?" भिवानं विचारलं.

मी पिशवीतून जुना वॉल काढून दिला. आट्यांत सुतळी आणि सफेदा वाळून दगड झालता. त्यानं मूठ नाकाजवळ धरली.

"करडीचं तेल?"

"हो."

"ह्यातून दम घेणाराला फोडणीचा वास येत आसंल." तो हसला नाही. "दाबाच्या हवेत तेल घालायचं नसतं. भडका होतो. अन् न्हाई झाला तर छातीत जातं. पण वॉल चांगला हाय. ह्याला काय बी झालेलं न्हाई. ह्याला फक्त एक ओरिंग पायजे. हे आटे हवा धरायला न्हाईतच मुळी. आटे फक्त तोटी धरतात. हवा धरती ती रबरी रिंग. रिंग तुमी फेकली अन् सुतळी बांधली."

तो आत गेला आणि पत्र्याचा डबा घेऊन आला. त्यात कपड्यात गुंडाळलेल्या वस्तू, लहानमोठ्या काळ्या रिंगा, एक पांढऱ्या मलमाची ट्यूब. गोदी सोडून आला तरी त्यानं हे जपलं होतं. जुनं सामान विकणारा एकजण मुंबईहून अधूनमधून त्याला पाठवतो, म्हणाला. रिंग ठेवून ठेवून पण खराब होते, म्हणून तो नवी मागवतो आणि जुनी फेकतो. कुणासाठी ते मी विचारलं नाही. शेळ्या तर बुड्या मारत नाहीत.

त्यानं एक रिंग निवडली, बोटांनी ताणली, उजेडाकडं धरून बघितली. माझा हात पुढं झाला. तेवढ्यात त्यानं विचारलं, "पाण्यात कोण उतरतो?"

"माझा भाचा, रामा. विहिरीतल्या मोटारी काढतो. लई दमाचा गडी. मागल्या वर्षी हीच टाकी बांधून उतरला, पर तळ लागायच्या आत हवा संपली."

"वर येताना काय करतो?"

मला प्रश्न कळला नाही. "काय करतो म्हणजे? दम धरतो अन् येतो. त्याच्यावानी दम पंचक्रोशीत कुणाचा न्हाई."

भिवानं रिंग डब्यात टाकली आणि डबा बंद केला.

"मग टाकी घेऊन जा. रिंग देत न्हाई."

"कावून?"

"तुमची विहिरीची बुडी येगळी. वरचा श्वास घेऊन खाली जायचं, तोच घेऊन वर यायचं. टाकीची हवा खाली दाबात घेतल्याली असती. वर येताना ती फुगत जाती. दम कोंडून आला तर छाती फाटती. माझा जोडीदार असाच गेला, माझ्या डोळ्यादेखत. त्यो बी लई दमाचा हुता. तुमची टाकी गळती हुती म्हणून तुमचा भाचा वाचला. हवा आधीच संपली, वर येताना छातीत कोंडायला दम उरलाच न्हाई. मी ही रिंग दिली की टाकी नीट होईल, अन् नीट झाली की तो मरंल."

गावात आम्ही रामाच्या दमाचं कौतुक करतो. कौसल्यासुद्धा करायची. त्या दिवशी टाकी धड असती तर कौसल्यामागं रामाही गेला असता, हे मला तिथं लिंबाखाली कळलं. आणि तरीही टाकी हवीच होती. दोन्ही गोष्टी एकदम डोक्यात मावेनात.

भिवाची बायको, ठकूबाई, भाकरी घेऊन आली. येसराची आमटी, कांदा, आणि शेळीच्या दुधाचा चहा. चहाला उग्र वास होता. म्हशीवाल्या माणसाला तो लवकर सोसत नाही, पण मी प्यालो. बसायला घोंगडं टाकलं होतं. मी चपला काढून बसलो. त्यांच्यात घोंगड्यावर चपलेनं पाऊल टाकत नाहीत. ठकूबाईनं माझी गोधडी उचलून घडी घातली, टाके निरखून बघितले.

"कुणी शिवली? लई बारीक टाका हाय."

"घरचीनं. कौसल्यानं."

"तुमच्यात दसऱ्याला धुता ना ह्या? आमचं बरं हाय. घोंगडं पाण्यात घालत न्हाईत. उन्हात टाकायचं अन् झटकायचं."

मी घोंगड्याकडं बघत राहिलो. काळं, जाड, खरखरीत. आमच्या घरात घोंगडी असती तर कौसल्या आज चुलीपुढं असती. एवढा साधा फरक. मी ते तसंच बोलून दाखवलं. मग सगळंच सांगितलं, दगड, गोधडी, फुसफुसणारी टाकी, तीन दिवस, बुडबुडा. इतकं मी वर्षभरात कुणापाशी बोललो नव्हतो. भिवाचा धड कान माझ्याकडं होता.

मग ठकूबाई नवऱ्याकडं वळली. "मग जावा की."

"कुठं?"

"पालीला. ह्यांच्या भाच्याला शिकवा. डबा कशाला जपलाय? रोज उघडून बघता, मलम लावता, परत झाकता. शेळ्याला लावायचाय का?"

"अन् शेळ्या कोण बघंल?"

"तुमी गोदीत हुता तवा शेळ्या काय सरकार बघत हुतं?"

भिवा उठला, काठी उचलली आणि शेळ्यांकडं निघून गेला. मला वाटलं, संपलं. ठकूबाई भांडी गोळा करत म्हणाली, "झोपा निवांत. त्यांचं न्हाई म्हणजे असं लांब जात नसतंय."

सकाळी तो आंघोळ करून, टोपी घालून, डबा काखेत घेऊन माझ्या पायाशी उभा होता.

"उठा. गाडी चुकंल. अन् ती चिंधी टाकीतून काढा. सगळी दशी आत गेली आसंल."

परत नांदूरघाट

विष्णूचा वॉल माझ्या पिशवीत होता. भिवा म्हणाला, रुळावर ठेवा, रेल्वे चपटा करील. मी म्हणालो, नाही. ज्याचा त्याला दिला पाहिजे. त्यानं अजून कुणाला तरी प्रेमानं बसवून दिला तर?

विष्णूनं दोघांना गूळ-पाणी दिलं. मी फिरवून बोलत नाही. म्हणालो, "विष्णू, तुझ्या वॉलनं रामा मेला असता." भिवानं आटे दाखवून सांगितलं, नांदूरघाटच्या लेथवाल्याला कळेल असं. विष्णूनं दोन्ही आटे बोटानं परत परत तपासले. मग तोंडातल्या तोंडात म्हणाला, "अक्कासाठी म्हणून केलं हो."

"मला ठावं हाय. म्हणून तर आलो."

त्यानं वॉल ऐरणीवर ठेवला आणि घणानं आटे ठेचले. तीन घावांत ओळखू येईना. मग भिवाला म्हणाला, "मला ते माप लिहून द्या. भिंतीवर लावतो." भिवानं लिहून दिलं. आम्ही निघालो तेव्हा विष्णू फाट्यापर्यंत टाकी खांद्यावर घेऊन आला.

पाली

रामानं सगळं ऐकलं आणि हसला. "मामा, दम धरू नको म्हणजे काय? बुडू?" भिवा त्याला म्हणाला, "हस. उद्या विहिरीत हसता येतंय का बघू."

टाकी आधी संभाजीनगरला पाठवली. आत धुवून घेतली, पाण्याच्या दाबानं तपासून घेतली. वॉल भिवानं आमच्या अंगणात सोलला. सुतळी, सफेदा, तेल, सगळं साबणाच्या कोमट पाण्यानं ब्रशनं काढलं. पितळ वर आलं तसं मला ते ओळखीचं वाटेना. मग रिंग. मलमाचं बोट फिरवून ती गळ्यात बसवली आणि वॉल हातानं फिरवून घट्ट केला. रामा मोठा पाना घेऊन तयार होता. भिवा त्याच्यावर ओरडला, "ठिव तो! तू काय बोअर बसवायलास का?"

टाकी भरून आली. मग भिवानं रामाला आमच्या विहिरीत उतरवलं. दोर माझ्या हातात होता. वर येताना तोंडातली नळी न सोडता हळूहळू "आऽऽ" म्हणत यायचं, असं त्यानं शिकवलं. आवाज चालू म्हणजे दम सुटतोय. पहिल्यांदा रामा सवयीनं गप्पच वर यायला लागला. वर बुडबुडे थांबले तसा भिवानं माझ्या हातातल्या दोराला ठरल्या खुणेचा झटका देऊन त्याला जागच्या जागी थांबवला आणि तो वर आल्यावर त्याला आईवरून शिव्या दिल्या. माझ्या बहिणीवरून. बहीण विहिरीच्या काठावरच होती. ती म्हणाली, "द्या अजून. माझं ऐकतंय का ते?"

हे रोज चाललं. शेवटी रामा वर यायला लागला की त्याचे बुडबुडे सारखे, न तुटता वर यायचे. भिवा म्हणाला, आता ठीक आहे. पण एकट्यानं कधी उतरायचं नाही, आणि रिंग वर्षाला बदलायची. तीन रिंगा त्यानं माझ्याकडं दिल्या.

जायच्या दिवशी त्यानं कौसल्याचं घंगाळ मागितलं. तिच्या लग्नात आलेलं, नांदूरघाटचं. पाण्यानं भरून अंगणात ठेवलं. भरलेली टाकी आडवी करून तिचं तोंड आणि गळा पाण्यात बुडवला. "बघा," म्हणाला. "गळत आसंल तर बुडबुडा येईल."

मी घंगाळापुढं उकिडवा बसलो. पाणी हललं, मग थिरावलं. त्यात आभाळ दिसत होतं आणि माझं तोंड. मागच्या वर्षी पाण्याकडं बघताना मी बुडबुडा मागत होतो. ह्या वेळी तो येऊ नये म्हणून बघत होतो. डोळ्याला तेवढंच येतं, पाण्याकडं बघत बसणं. भिवा बिडी ओढत होता. रामा टाकी धरून होता, त्याचे हात भरून आले तरी मी उठलो नाही.

बुडबुडा आला नाही.

भिवा दुपारच्या गाडीनं गेला. त्याला काही देऊ लागलो तर म्हणाला, "ठकीला बारीक टाक्याची गोधडी पायजे." मी म्हणालो, शिवणारी गेली. तो म्हणाला, "तेच म्हणलं मी तिला." आणि गाडीत चढला.

पुढच्या आठवड्यात बाया गोधड्या घेऊन धरणावर गेल्या. रामा टाकी घेऊन काठावर बसला. मीही गेलो. प्रवासात टाकीखाली मळलेली गोधडी माझी मलाच धुवायची होती. भिवानं सांगितलं होतं तसा कंबरेला दोर बांधला आणि दुसरं टोक बाभळीला.

"तात्या, दोर कशाला? तुमी काय म्हैस हाव का?" शेजारची सखू म्हणाली. बाया हसल्या. मग कुणी हसेना. मग सखूनं विचारलं, "अजून दोर हाय का?" रामानं आणलेला सगळा दोर त्या दिवशी कामाला आला. प्रत्येक बाई झाडाला बांधलेली, आणि धुणं चाललेलं. लांबून बघणाराला आम्ही वेडे वाटलो असतो.

भिजल्यावर गोधडी लई जड झाली. किती, ते मला पहिल्यांदाच कळलं.

दिवस कलला तशा बाया एकेक करून दोर सोडून घरी गेल्या. सगळ्या. मी मोजल्या नाहीत, पण काठावर एकही चप्पल उरली नाही. रामानं टाकी उचलली आणि गुंडाळायला गोधडी मागितली. गोधडी ओली होती, दगडावर वाळत टाकलेली. म्हणून टाकी तशीच उघडी खांद्यावर घेऊन आम्ही गावाकडं निघालो. अर्ध्या वाटेत मी ती माझ्याकडं घेतली.

घाटनांदूरला नेली त्यापेक्षा ती जड लागली. रामा म्हणाला, "मामा, भरलेली हाय. हवेला बी वजन असतंय." मी खांदा बदलला नाही. तशीच घरापर्यंत आणली.